आत काय आहे, हे पाण्याला कळत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

लोखंडाचा खिळा पाण्यात टाका, बुडतो. हजारो टन लोखंडाचं जहाज मात्र तरंगतं. असं का, म्हणून विचारलं की, ‘जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात,’ हे उत्तर ठरलेलं. अहो, पण खिळा जहाजापेक्षा हलकाच की! मग कुणीतरी घनतेचं नाव घेतं. ते बरोबरच आहे. पण पाण्यात पडलेल्या वस्तूची घनता पाण्याला कळते कशी? माझं म्हणणं असं की, ती त्याला कळतच नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

बादलीभर शांत पाणी डोळ्यांसमोर आणा. त्याच्या मधोमध असलेलं मूठभर पाणी मनातल्या मनात वेगळं धरा. त्यालाही वजन आहे, तरी ते तळाशी जात नाही. का? तर भोवतालच्या पाण्यानं ते तोलून धरलंय म्हणून. पाण्यात जितकं खोल जावं तितका दाब वाढतो. त्यामुळे या मूठभर पाण्याला खालून बसणारा रेटा वरून बसणाऱ्या रेट्यापेक्षा थोडा जास्त असतो. हा फरक नेमका त्या मूठभर पाण्याच्या वजनाएवढा. आता ते पाणी काढून तिथं त्याच आकाराचा दगड ठेवा. भोवतालच्या पाण्याच्या दृष्टीनं काय बदललं? काही नाही. ते आधी जेवढं रेटत होतं तेवढंच आताही रेटणार. दगडाला एवढा रेटा पुरत नाही, म्हणून तो बुडतो. लाकडाला तो जास्त होतो, म्हणून ते वर येतं.

सिराक्यूजच्या आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच सांगितलं: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर मिळतो. त्याची राजमुकुटाची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. ती लिहिली मात्र विट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदानं, सुमारे दोनशे वर्षांनंतर. तेव्हा ती बेतानंच खरी मानावी.

ताणकाटा मिळाला तर एक करून बघा. एक किलोचा दगड दोरीनं काट्याला टांगा आणि पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. दगडाचं आकारमान ४०० मिलिलिटर असेल, तर काटा ६०० ग्रॅमच दाखवील. मग उरलेले ४०० ग्रॅम गेले कुठं? पाण्याचं भांडं आधीच दुसऱ्या काट्यावर ठेवलेलं असेल तर तिथं बघा. तो काटा बरोबर तेवढ्यानंच वर चढलेला दिसेल. पाणी दगडाला वर रेटतं, तर दगडही पाण्याला खाली रेटतो.

जहाजाचं कोडं आता उरत नाही. लोखंडाचा पत्रा पोकळ आकारात पसरला की तो आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारू शकतो. समुद्राचं पाणी खारट, घनमीटरला सुमारे १०२५ किलो. गोडं पाणी १००० किलो. म्हणून नदीतून समुद्रात शिरलेलं जहाज किंचित वर उचललं जातं. जहाजाच्या कुशीवर भाररेषेच्या, म्हणजे माल भरताना जहाज कुठपर्यंत बुडू द्यायचं त्याच्या, खुणा असतात, त्यात गोड्या पाण्याची खूण वेगळी आणि खाऱ्याची वेगळी, ती याचसाठी. जहाज गच्च भरून समुद्रात लोटणाऱ्या मालकांविरुद्ध ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी रान उठवलं आणि १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये ही रेषा कायद्यानं आली.

हा नियम काही पाण्यापुरताच नाही. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट, तेव्हा लोखंडाचा गोळा पाऱ्यावर खुशाल तरंगतो. सोनं मात्र तिथंही बुडतं. आणि हवा? साठ किलोच्या माणसालाही हवा सत्तरेक ग्रॅमचा रेटा वर देत असते, आपल्याला पत्ता नसतो इतकंच.

आता जाता जाता एक प्रश्न. हौदात होडी आहे, होडीत आपला तोच एक किलोचा दगड. तो उचलून हौदात टाकला, तर हौदातलं पाणी चढेल की उतरेल? बहुतेक जण ‘चढेल’ म्हणतात. पण होडीत असताना दगड आपल्या वजनाएवढं, म्हणजे एक लिटर पाणी बाजूला सारत होता. तळाशी गेल्यावर तो फक्त आपल्या आकारमानाएवढं, म्हणजे ४०० मिलिलिटर सारतो. पाणी उतरतं.