लाटांचा सांधा

हा चहाचा ग्लास बघा. चहा नाहीये त्यात, नुसतं कडकडीत पाणी आहे. वेडीवाकडी केलेली तार आत टाकली आणि ही झाली सरळ! परत वाकवा, परत टाका, परत सरळ. ही नायटिनॉलची तार, निकेल आणि टायटॅनियमचे जवळजवळ निम्मे निम्मे अणू. 1960 च्या आसपास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत हा गुण सापडला, नावातलं 'नॉल' तिथलंच.

आता हा नायटिनॉल स्टीलला जोडायचाय. भोसरीत कुठल्याही शेडमध्ये विचारा, दादा म्हणतील आणा इकडे, टिग वेल्डिंग मारून देतो. पण वितळलं की टायटॅनियम आणि लोखंड मिळून काचेसारखा ठिसूळ थर बनतो, गार होता होताच तडकतो. हा बघा तडा.

म्हणून वितळवायचंच नाही, स्फोटाने जोडायचं. सर फळ्यावर काढतायत ते बघा, खाली स्टीलची प्लेट, काही मिलिमीटर गॅप सोडून वर नायटिनॉलचा पत्रा, त्यावर स्फोटकाची पावडर आणि एका कडेला डिटोनेटर. स्फोट सेकंदाला 2 ते 3 किलोमीटरने पुढे धावतो, पत्रा तिरका खाली आपटत जातो आणि आपटतो तिथून धातूचाच फवारा उडतो, तो दोन्हीकडचा ऑक्साईडचा थर खरवडून नेतो, मागे कोरा धातू कोऱ्या धातूवर दाबला जातो. फूटभर पत्र्याला सेकंदाचा साधारण दहाहजारावा भाग लागतो.

आणि ही पोरगी सकाळपासून एमरी पेपरवर आहे. जोडलेल्या प्लेटचा वायरकट मशीनवर कापलेला तुकडा, आधी 220 नंबरचा पेपर, मग 400, 600, असं बारीक होत 2000 पर्यंत, दर पेपरला तुकडा काटकोनात फिरवायचा, आधीचे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढचा पेपर. मग मखमलीच्या कापडावर डायमंड पेस्ट. दोन धातू सारखे झिजत नाहीत, त्यामुळे हात जरा जड पडला तर नेमकी सांध्याचीच कड गोल होते आणि सगळं पहिल्यापासून. असे हात पुण्यात अजून आहेत, त्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही, म्हणून आम्ही वळवला.

मायक्रोस्कोपखाली बघा. लाटा! वर नायटिनॉल, खाली स्टील, समुद्रासारख्या एकामागून एक. लाटेच्या वळशात ते काळपट ठिपके दिसतायत ना, तिथे थोडं वितळलंय, स्फोट जास्त जोराचा झाला की ते वाढतात. बाकी परवाने, वस्तीपासून लांब जागा, खर्च, नंतरची हीट ट्रीटमेंट हे आहेच.

आता तुकडा वाईसमध्ये. छिन्नी बरोबर सांध्यावर, आणि घण.

परत एकदा.

सांधा तसाच आहे. छिन्नीची धार बघा, जवळून.