प्लाऊ लेनला परत

[दृश्य : विम्बल्डन कॉमन. दाट हिरवळ, दूरवर झाडांची रांग.]

हे विम्बल्डन कॉमन. नैर्ऋत्य लंडनचं मोकळं माळरान. २९ जून २००२ला इथे २३० जण बूट घेऊन आले. ज्या संघात जागा मिळवायला ते धडपडत होते, तो संघ अजून जन्मायचा होता.

महिनाभर आधी, २८ मे रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं (एफए) नेमलेल्या तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं विम्बल्डन फुटबॉल क्लबला सुमारे नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला जायची मुभा दिली. १८८९चा क्लब. १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा मानाचा चषक, जिंकलेला. चाहत्यांनी विम्बल्डनमध्येच नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या निकालात म्हटलं होतं. हे वाक्य विम्बल्डनचे लोक आजही विसरलेले नाहीत. विसरावं तरी का?

त्यांनी क्लब काढलाच. एएफसी विम्बल्डन. मालकी डॉन्स ट्रस्टकडे, म्हणजे चाहत्यांकडे. वर्गणी भरा, सभासद व्हा. मत प्रत्येकाला एकच, खिसा कितीही मोठा असो.

सुरुवात थेट इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून. पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यात सटन युनायटेडनं चार गोल घातले, यांचा एकही नाही. तरी बघायला साडेचार हजारांहून जास्त लोक! मग फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४, लीगचे सलग ७८ सामने हार नाही.

[दृश्य : मँचेस्टर, २१ मे २०११. पेनल्टी शूटआउट.]

बढतीचा निर्णायक सामना. समोर ल्यूटन टाउन. एकशे वीस मिनिटं गोलशून्य. गोलरक्षक सेब ब्राउन, लहानपणापासून विम्बल्डनचा चाहता. त्यानं दोन पेनल्टी अडवल्या. शेवटची डॅनी केडवेलनं जाळ्यात मारली आणि नऊ वर्षांच्या क्लबनं फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या व्यावसायिक पायऱ्यांवर, पाऊल टाकलं.

पण घर राहिलंच होतं. प्लाऊ लेन हे जुन्या क्लबचं विम्बल्डनमधलं मैदान १९९१मध्येच सुटलेलं. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम बांधायला पैसे कमी पडले, तेव्हा चाहत्यांनी रोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली.

[दृश्य : प्लाऊ लेन, ३ नोव्हेंबर २०२०. प्रकाशझोत, रिकाम्या खुर्च्या.]

डॉनकॅस्टरविरुद्ध पहिला सामना. बरोबरी, २-२. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती. ज्यांच्या पैशांतून या खुर्च्या आल्या, ते त्या रात्री आपापल्या घरी पडद्यासमोर बसून होते.