ॲलिसबाईंची चित्रं

(दृश्य: राजारामपुरी, सातवी गल्ली. चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयाचं फाटक.)

कोल्हापूरला कलापूर म्हणायला आपल्याला आवडतं. पण या गल्लीत वळून हे फाटक उघडणारे किती? चंद्रकांत मांडरे पडद्यावर राजबिंडे दिसायचे आणि घरी निसर्गचित्रं काढत बसायचे. शेवटी राहतं घर आणि चित्रं त्यांनी सरकारच्या हवाली केली. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो त्या दुपारी आत आम्हीच होतो.

बाहेर गल्लीत मात्र फ्लिपकार्टचा पोरगा पार्सलं वाटत होता. आजची गोष्ट त्या पार्सलच्या दुसऱ्या टोकाची आहे.

(दृश्य: पार्सलवरची चिकटपट्टी, जवळून.)

२०१८ साली अमेरिकेतल्या वॉलमार्टनं १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. वॉलमार्टचा मोठा वाटा आजही वॉल्टन घराण्याकडे आहे. त्या घरातलं शेंडेफळ म्हणजे ॲलिस वॉल्टन. फोर्ब्सच्या २०२५ च्या यादीत त्यांची संपत्ती १०१ अब्ज डॉलर. जगातली सगळ्यात श्रीमंत बाई.

(दृश्य: जुन्या दुकानांचे काळेपांढरे फोटो.)

सुरुवात अगदी आपल्या पेठेतल्यासारखी. सॅम वॉल्टन यांनी १९४५ साली आर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्ट गावी किरकोळ मालाचं दुकान घेतलं. दुकान चाललं. एवढं चाललं, की जागेच्या मालकानं भाडेकरार वाढवून दिला नाही. लक्ष्मीपुरीत कुणालाही विचारा, ही गोष्ट त्यांना नवी वाटणार नाही. १९५० मध्ये सॅम बायकापोरांसह बेंटनव्हिलला आले आणि तिथल्या चौकात त्यांनी नवी पाटी लावली. ७ ऑक्टोबर १९४९ ला जन्मलेली ॲलिस तेव्हा कडेवर होती.

१९५३ मध्ये सॅमनी धंद्याची वाटणी कागदावर करून टाकली. चार मुलांना प्रत्येकी २० टक्के. ॲलिस जेमतेम चार वर्षांची. पहिलं वॉलमार्ट निघायला तर अजून नऊ वर्षं होती. ते निघालं १९६२ साली, शेजारच्या रॉजर्स गावात. ॲलिसबाईंनी वॉलमार्ट कधी चालवलं नाही. श्रीमंती त्यांना वाटणीतून मिळाली, हे आधी सांगून टाकलेलं बरं.

दहाएक वर्षांची असताना तिनं साठवलेल्या पैशांतून वडिलांच्याच दुकानातून एक चित्र घेतलं. पिकासोच्या चित्राची छापील प्रत, दोनेक डॉलरची. गुडघे पोटाशी घेऊन पाठमोरी बसलेली एक बाई, सगळं निळ्या रंगात. कॅम्पिंगला गेलं, की मायलेकी जलरंग काढून बसत. बेंटनव्हिलमध्ये संग्रहालय नव्हतं. पोरीनं मूळ चित्र बघायचं कुठे?

पुढचं थोडक्यात. अर्थशास्त्राची पदवी, मग गुंतवणुकीचा व्यवसाय, १९८८ मध्ये स्वतःची कंपनी. त्या भागाला विमानतळ हवा म्हणून त्यांनी एवढा पिच्छा पुरवला, की तिथल्या टर्मिनलला त्यांचंच नाव आहे. टेक्सासमध्ये रँच आणि घोडे. १९८३ मध्ये मेक्सिकोत गाडीचा अपघात, पायाचं हाड मोडलं, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया.

(दृश्य: ड्युरँडचं निसर्गचित्र. खडकाच्या कड्यावर उभी दोन माणसं.)

२००५. ॲशर ड्युरँडचं १८४९ सालचं हे चित्र. दरीच्या काठावर एक कवी आणि एक चित्रकार बोलत उभे आहेत. ते होतं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात, शंभर वर्षं. ग्रंथालयानं विकायला काढलं आणि ॲलिसबाईंनी घेतलं, बेंटनव्हिलमध्ये काढायच्या आपल्या संग्रहालयासाठी. बातम्यांत आकडा आला, साडेतीन कोटी डॉलर. न्यूयॉर्कवाल्यांचा तिळपापड झाला. एवढं चित्र जाणार कुठे, तर बेंटनव्हिलला? २०२० च्या जनगणनेतही ज्याची लोकसंख्या ५४ हजार, म्हणजे आपल्या जयसिंगपूरएवढं गाव!

या रागात थोडी अक्कड होती, असं आमचं मत. चांगलं काही बघायचं तर मुंबई गाठा, हे ऐकत मोठे झालेल्यांना ती लगेच ओळखू येते.

(दृश्य: ईकिन्सचं चित्र. सर्जनचा रक्ताळलेला हात, हातात शस्त्र. मागे तोंड झाकून घेतलेली बाई.)

पण पुढच्याच वर्षी बाईंना एका गावानं चीतपट केलं. फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय विद्यापीठानं टॉमस ईकिन्सचं हे चित्र विकायचं ठरवलं. डॉक्टर ग्रॉस शस्त्रक्रिया करताहेत, भोवती विद्यार्थी. वर्ष १८७५. ॲलिसबाईंचं संग्रहालय आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी मिळून ६ कोटी ८० लाख डॉलर द्यायला तयार. गावाला अट एकच : डिसेंबर संपायच्या आत तेवढीच रक्कम आणा, चित्र तुमचं.

तालमीच्या गणपतीला फिरते तशी वर्गणी फिरली. साडेतीन हजारांवर लोकांनी पैसे दिले. तरी भागेना, तेव्हा तिथल्या कलासंस्थांनी ईकिन्सचीच दुसरी चित्रं विकून भर घातली. चित्र गावातच राहिलं. बाईंनी काय करावं? २००७ मध्ये त्याच विद्यापीठाकडून ईकिन्सचं दुसरं चित्र घेतलं. प्राध्यापक रँड पुस्तक वाचताहेत आणि एक हात टेबलावरच्या मांजराच्या पाठीवर.

(दृश्य: झाडीत, पाण्याकाठी, वाकलेली तांब्याची छपरं.)

११ नोव्हेंबर २०११. क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालय उघडलं. वास्तुकार मोशे सफदी. दरीतल्या झऱ्याचं पाणी अडवून दोन तळी केली आणि दालनं त्यांच्यावर पुलासारखी टाकली. तिकीट नाही, त्यासाठी वॉलमार्टनं २ कोटी डॉलर दिले.

त्याच्या महिनाभर आधी वॉलमार्टनं काय जाहीर केलं होतं, तेही इथेच सांगतो. आठवड्याला २४ तासांपेक्षा कमी काम करणाऱ्या नव्या कामगारांना आरोग्यविमा मिळणार नाही. निर्णय कंपनीचा, बाईंचा नाही. पण पैसा एकाच गल्ल्यातला. चित्रं बघताना हे विसरायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आम्हाला विसरता आलं नाही.

(दृश्य: कोटितीर्थ तलाव, संध्याकाळ.)

इथे आबालाल रहिमान आठवतात. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, या कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी पाण्यावरचा उजेड रंगवला. १९२२ मध्ये महाराज गेले. आबालालांनी आपली चित्रं याच तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. खरं-खोटं तळ्याला माहीत. पण राजा गेला की राजाश्रय जातो, हे त्या गोष्टीतलं दुखणं खरंच आहे.

ॲलिसबाईंच्या घराण्यानं त्यावर इलाज केला तो व्यापाऱ्याच्या डोक्यानं. संग्रहालय उघडायच्या आधीच वॉल्टन कुटुंबाच्या प्रतिष्ठाननं ८० कोटी डॉलर दिले. रोजचा खर्च, नवी चित्रं, इमारतीची डागडुजी, सगळ्याची वेगळी गंगाजळी. बाई नसल्या तरी दिवे लागतील. २०१७ पासून त्यांचं आर्ट ब्रिजेस प्रतिष्ठान देशभरच्या लहान संग्रहालयांना चित्रं उसनी मिळवून देतं.

(दृश्य: नवी इमारत, पांढऱ्या कोटातली मुलं.)

जुलै २०२५ मध्ये संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर ॲलिसबाईंच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिल्या तुकडीत ४८ विद्यार्थी. पहिल्या पाच तुकड्यांना शिक्षण शुल्क नाही. अभ्यासात कलाही आहे. रोग्याकडे बघायचं तर आधी बघायला शिका, असा त्यामागचा विचार.

म्हणजे फिलाडेल्फियातल्या डॉक्टरकीच्या शाळेनं चित्र विकलं, आणि इथे चित्रांशेजारी डॉक्टरकीची शाळा आली. प्राध्यापक रँड आता या संग्रहातले. पुस्तकातून डोकं वर काढत नाहीत, पण मांजराच्या पाठीवरचा हात तसाच आहे.