ग्रुपवरचं राजकारण आणि ग्रामसभा

श्रोतेहो, नमस्कार.

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात जा नाहीतर शहाद्याकडे, गावाच्या नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही असं गाव सापडणं कठीण. पूर्वी पारावर चार टाळकी बोलायची. आता उधन्याला कामाला गेलेला पोरगाही सुरतेतून विचारतो, "भाऊ, गटारीचं काम कुठवर आलं?" गाव सोडलेल्या माणसाचा आवाज पाच वर्षांतून एकदा, मतदानालाच ऐकू यायचा. तो आता रोज येतो, याचं मला मोल वाटतं.

पण याच फोनचा तडाखा आपल्या खानदेशाने सोसलाय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षेकरी माणसं ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. मतदानाच्या आदल्या रात्री 'अमक्याने माघार घेतली' म्हणून फिरणाऱ्या संदेशांना ती कितपत अडवते, हे तुम्हीच जाणता.

एका गावचा ग्रुप मी पाहिला. कुणीतरी पाणीपुरवठा योजनेचा हिशेब मागितला. खाली अंगठेच अंगठे! आणि थोड्याच वेळात सेटिंग बदललं: फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात. अ‍ॅडमिन कोण? सरपंचांचा पुतण्या. विषय संपला. ग्रामसभेत असं बटण नसतं. तिथे "माझा प्रश्न इतिवृत्तात घ्या" म्हणता येतं.

गणपूर्तीचा हिशेबही ऐका. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. तिकडे ग्रुपवर अख्खं गाव भांडत असतं, इकडे पाच-सात माणसं ठराव उरकून चहाला निघतात.

बायांचं आणखी वेगळं. गावाच्या ग्रुपवर त्या वाचतात, लिहीत नाहीत. लिहिलं की घरात विचारणा होते ना! बचत गटाच्या ग्रुपवर मात्र रेशन, नळ, अंगणवाडी, सगळं मोकळेपणी येतं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. हे विषय तिथे मांडले, तर त्यांची नोंद होते.

सभेची नोटीस आता ग्रुपवरही पडते. पुढच्या खेपेला अंगठा दाबण्याआधी फोटो मोठा करून विषयपत्रिका वाचा. तुमचा विषय त्यात नसेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) आधी लेखी द्या आणि पोच घ्या.