एलियाहूचा रथ आणि अलिबागचं खंडाळा

नमस्कार मंडळी, आज एका नबीची, म्हणजे देवाच्या प्रेषिताची गोष्ट. ज्यू त्याला एलियाहू म्हणतात, ख्रिश्चन एलीया आणि मुसलमान इलियास. लक्षात ठेवा, नावं तीन, माणूस एकच.

हिब्रू शास्त्रात हा बाल नावाच्या दैवताच्या पूजेवरून थेट इस्रायलच्या अहाब राजाशी भांडतो आणि शेवटी मरतच नाही, अग्निरथ येतो नि वावटळीतून जिवंत स्वर्गात जातो. मेला नाही म्हणजे परत येणार! ज्यू अजून वाट बघतात, वल्हांडण सणाला त्याच्या नावाचा वाईनचा प्याला भरून दार उघडतात. ख्रिश्चन म्हणतात, अहो तो येऊन गेला, बाप्तिस्मा देणारा योहान त्याच्याच आत्म्यानं आला. कुराणात मात्र रथबिथ काही नाही, बाल सोडा नि एका अल्लाला माना असं ठणकावणारा पैगंबर, बास.

आता माझी आवडती गोष्ट. अलिबागला उतरलो, रिक्षावाल्याला म्हटलं खंडाळ्याला चला, तर तो हसायला लागला, मलाही घाटातलंच आठवलं होतं आधी. मग तोच म्हणाला, "रथाच्या खुणा बघायच्यात ना?" आपल्या बेने इस्रायल लोकांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची (त्यांनाच शनिवार तेली म्हणत), श्रद्धा आहे की एलियाहू हनाबीचा (हनाबी म्हणजे नबीच) रथ इथूनच वर गेला, खडकावर खुणा आहेत, आणि रथ गेला त्या दिवसाला ते चक्क हनाबीचा उरूस म्हणतात. उरूस! (भाषेला सोवळं नेसवणाऱ्यांनी हा शब्द जरा ऐकावा.)

तिथं एक आजी मलिदा घेऊन बसलेल्या, नवस फेडायला ठाण्याहून आलेल्या. मी शहाणपणा केला, म्हटलं, "आजी, पुस्तकात तर तो यार्देन नदीपलीकडून गेला." आजी म्हणाल्या, "गेला असंल बाबा, पण इथं टेकून गेला." आणि हातावर मलिदा ठेवला, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा. पोह्यात साखर मला एरवी चालत नाही, पण इथं दोनदा मागून खाल्ली.

रिक्षावाल्यानं घास घेतला नि म्हणाला, "आजी, मलिदा चपातीचा असतो, आमच्या दर्ग्यावर तसाच मिळतो." आजी म्हणाल्या पोह्यांचाच, तो म्हणाला चपातीचाच, आणि हे चालू असताना तो दुसऱ्यांदा हात पुढं करून बसलेला.