घडीचा की सरळ पात्याचा? खान्देशातल्या रात्रीसाठी चाकू निवडताना

नमस्कार मंडळी. रावेर, यावल, चोपडा हा सगळा केळीचा पट्टा, वर सातपुडा, खाली तापी, आणि इथल्या शेतकऱ्याला रात्रीची लाईट काही नवीन नाही. थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी आली की झोपेतून उठून बॅटरी घ्यायची आणि मोटार चालू करायला निघायचं, दोन्ही बाजूला केळीचे बाग, मधली गाडवाट, पाच हातांवरचं दिसत नाही. तिकडे शहादा, तळोद्याकडे ऊस, आणि उसात बिबट्या. मग घरचे म्हणतात, बाबा खिशात काहीतरी ठेव. हे काहीतरी म्हणजे दहापैकी नऊ वेळा चाकू. कॉलेजला एसटीने जाणाऱ्या मुलीच्या पर्समध्येही आई हळूच तोच टाकते, हायवेवर ढाब्यावर झोपणाऱ्या ड्रायव्हरच्या सीटखालीही तोच असतो. आणि दुकानात गेलं की पहिला प्रश्न, घडीचा घेऊ की सरळ पात्याचा?

या व्हिडिओत आपण तेच बघणार आहोत, नीट, दोन्ही चाकू उघडून. आणि माझं जे मत आहे ते मी लपवणार नाही.

आधी सरळ पात्याचा. आत्ता स्क्रीनवर जी भट्टी दिसतेय ती पारोळ्याच्या बाजूची आहे. लोहारदादा इथे विळे, कुऱ्हाडी, कोयते करतात आणि कुणी सांगितलं तर सुरीपण. लोखंड कुठलं, तर ट्रकच्या कमानीचा जुना पाटा, भंगारातून आणलेला. कमानीचं पोलाद मुळात वाकून परत सरळ व्हायलाच बनवलेलं असतं म्हणून ते पटकन तुटत नाही, आणि गावोगावचे लोहार तेच का धरून बसलेत त्याचं कारण हे. भाता आता हाताने कुणी मारत नाही, छोटा ब्लोअर लावलाय, बाकी ऐरण, घण, सांडशी तेच. पाटा लालबुंद करायचा, घणाने ओढायचा, कानस मारून आकार द्यायचा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम, पाणी देणं, म्हणजे पातं कडक करणं. पातं अशा रंगाला तापवतात की लोहचुंबक त्याला चिकटायचं बंद होतं, त्याच क्षणी धारेची बाजू तेलात बुडवायची. आता ते पातं इतकं कडक झालंय की फरशीवर पडलं तर काचेसारखं तडकेल, म्हणून परत मंद आचेवर धरायचं, घासलेल्या पात्यावर आधी पिवळसर मग तपकिरी मग निळा रंग चढत जातो, आणि कुठल्या रंगाला थांबायचं हे दादांच्या डोळ्यात आहे, मीटर नाही काही नाही. दादांनी आम्हाला बघितल्यावर पहिलं काय विचारलं माहितीये? "काय कापाले पाहिजे, ते सांग पहिले." दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं ते करत नाहीत. कुणी कितीही पैसे देवो.

कॅमेरा जरा जवळ घेऊ. ही मूठ बघा. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलंय, वरून दोन्ही बाजूंनी बाभळीच्या लाकडाच्या फाळ्या आणि आरपार तीन रिवेट. म्हणजे हा सगळा एकच तुकडा आहे, हलणारं काहीच नाही, तर तुटणार काय? बाजारात जे स्वस्त चाकू मिळतात त्यांच्यात पात्याची बारीक शेपटी जेमतेम मुठीत शिरलेली असते, वरून प्लॅस्टिक, जोर लागला की तिथेच खटकन मोडतो. घेताना मुठीच्या कडेने लोखंड दिसतंय का बघा, दिसलं तर निम्मी काळजी मिटली.

आता घडीचा. आपल्याकडे घडीचा म्हटलं की रामपुरीच आठवतो, उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा, जुन्या हिंदी पिक्चरमधल्या गुंडांनी त्याला घराघरात नेला. पण घडीचा चाकू मुळात गरीब माणसाचं कामाचं हत्यार आहे, खिशात मावतो, धार बोटाला लागत नाही, फळ कापा, दोरी कापा, कलम करा. फ्रान्समध्ये 1890 पासून ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू बनतोय, शेतकऱ्यांसाठीच, आणि त्यात उघडलेलं पातं अडकवून ठेवायची फिरती कडी आली 1955 ला. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं लोक तो बिनलॉकचाच वापरत होते. साध्या घडीच्या चाकूत लॉक नसतंच, मागे फक्त स्प्रिंगची पट्टी असते, ती पातं दाबून धरते पण अडवत नाही. टोकावर किंवा पाठीवर जोर आला की पातं मिटतं, आणि मिटताना मध्ये काय असतं? तुमचीच बोटं.

लॉकवाल्यांत तीन प्रकार सगळीकडे दिसतात. एकात मुठीच्या पाठीला आकडा असतो तो पात्याच्या खाचेत बसतो, हे मजबूत. दुसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी उभी राहते. तिसरा त्याचाच भाऊ, पट्टी पातळ नसून मुठीची एक बाजूच ते काम करते. स्क्रीनवर दुसरा प्रकार बघा, पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम टेकलीये, एका कडेला. स्वस्तातला माल आहे, नवा असताना टक्क आवाज करतो, आणि झिजला की हा टेकाच सुटतो. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा आठवडे बाजारात घेताना एवढं करा, पातं उघडा, चिमटीत पकडून वर खाली हलवा, डावीउजवीकडे हलवा. हललं तर परत ठेवा. पण लॉक तपासताना बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

आणि आपल्या भागाची एक खास अडचण. केळीचा चीक. ज्यांनी घड उतरवलेत त्यांना माहितीये, कपड्यावर पडला की डाग जन्मात जात नाही. तो चीक घडीच्या सांध्यात गेला, वर काळ्या मातीची धूळ बसली, की पातं जड होतं, अर्धं उघडून थांबतं, आणि लॉक पूर्ण बसलंय असं वाटतं पण बसलेलं नसतं. सरळ पात्याला काय, पुसला, तेलाचा हात मारला, झालं. बागेत काम करणारा माणूस मला विचारेल तर मी डोळे झाकून सरळ पात्याचा सांगेन, चार-पाच इंचाचं पातं, एका बाजूला धार, पाठ जाड, म्यान चामड्याचं नाहीतर जाड प्लॅस्टिकचं, आणि म्यानाला बंद हवाच. बंद नसेल तर मोटारसायकलवर बसताना तो मांडीत घुसतो.

आता मुख्य मुद्दा. जीव वाचवायला यातला कुठला?

1983 साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर नावाच्या पोलिसाने एक साधा हिशोब मांडला. चाकू घेतलेला माणूस 21 फुटांवर उभा आहे, तो धावत सुटला तर तुमच्यापर्यंत यायला किती वेळ? साधारण दीड सेकंद. 21 फूट म्हणजे आपल्या घराच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर हो. हा हिशोब त्याने पोलिसांना शिकवायला मांडला होता, ज्यांच्या कमरेला पिस्तूल असतं आणि ज्यांना ट्रेनिंग असतं, त्यांनाही एवढ्या वेळात हत्यार काढायला मुश्किलीने जमतं. आता तुम्ही विचार करा, हात खिशात घालायचा, किल्ल्या, तंबाखूची पुडी, मोबाईल यातून चाकू शोधायचा, बाहेर काढायचा, अंगठ्याने उघडायचा, लॉक बसेपर्यंत थांबायचं. आणि भीती वाटली की शरीर काय करतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे ओढतं, पळायला आणि ढकलायला ताकद येते पण बोटांची बारीक कामं बिघडतात. कुलपात किल्ली जात नाही तसं होतं. घडीचा चाकू उघडणं हे बोटांचंच बारीक काम आहे. त्यामुळे निव्वळ यंत्र म्हणून बघितलं तर सरळ पातं जिंकतं, यात वाद नाही. काढला की तयार, मिटायची भीती नाही.

पण थांबा, इथेच बहुतेक व्हिडिओ संपतात आणि मला तेच खटकतं, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

चाकूचा पल्ला हाताएवढा. म्हणजे तुमचा चाकू समोरच्याला लागतो तेव्हा त्याचाही तुम्हाला लागतो. चाकू लागला की माणूस लगेच खाली पडतो हे पिक्चरमध्ये, खऱ्या आयुष्यात अंगात जोश असलेल्या माणसाला कधीकधी आपल्याला लागलंय हेही कळत नाही, तो तुमच्या अंगावर येतच राहतो. मुठीला पुढे अडण नसेल आणि टोक कशावर आपटलं तर घामाने ओला हात घसरून स्वतःच्याच धारेवर जातो. आणि समोरचा ताकदवान असेल तर चाकू हिसकावला जातो, मग हत्यार त्याच्या हातात. म्हणून पर्सच्या तळाशी घडीचा चाकू टाकणाऱ्या आयांना मला कळकळीने सांगायचंय, ताई, त्या पोरीला धीर येतो हे खरं, पण वेळेला तो निघत नाही. तिच्या गळ्यात शिट्टी द्या, बाहेरच्या कप्प्यात मिरचीचा स्प्रे द्या, 112 कसा लावायचा हे तिच्याकडून करून घ्या, आणि शेवटच्या एसटीने येत असेल तर स्टँडवर जाऊन उभे राहा.

शेतातल्याचं काय? बिबट्यासमोर चाकू म्हणजे काहीच नाही. तो बहुतेकदा मागून येतो, आणि वाकलेल्या, बसलेल्या माणसावर येतो, कारण खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. वनविभाग वर्षानुवर्षं हेच सांगतोय की एकटे जाऊ नका, वाकून काम रात्री करू नका, मोबाईलवर गाणी लावा, बोलत जा, मोठी बॅटरी आणि काठी ठेवा. बिबट्या दिसला तर 1926 ला फोन करा. रानडुकराचंही तेच, तो मांडीच्या उंचीवर सुळे घेऊन येतो, त्याच्यापर्यंत चाकू नेईपर्यंत तुमचं काम झालेलं असतं. सापासाठी बूट आणि उजेड. या सगळ्यात चाकू कुठेच नाही, काठी आणि बॅटरी मात्र सगळीकडे आहे, आणि दोन्ही दोन हात लांबून काम करतात.

कायद्याचंही बोलू, कारण आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. शस्त्र नियम 2016 मध्ये तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून धरलेत, घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून बाहेर आहेत. म्हणून विळा खांद्यावर टाकून बागेत जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण याचा अर्थ नऊ इंचाच्या आतला चाकू कुठेही मिरवा असा नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा 1951, कलम 37(1), सण, निवडणूक, आंदोलन असलं की जिल्ह्यात हा मनाई आदेश निघतो, त्यात चाकू तर आहेच, काठीसुद्धा आहे. आदेश मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे घडीचा की सरळ असं कुणी विचारत नाही.

आणि स्वतःचा बचाव? तो हक्क कायद्याने दिलाय, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 त्यावरच आहेत. पण कलम 37 म्हणतं की बचावाला लागेल तेवढीच इजा, जास्त नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्कच उरत नाही. समोरच्याने कानाखाली मारली आणि तुम्ही चाकू काढला तर तो बचाव ठरणं फार अवघड. उलट कलम 118, घातक हत्याराने दुखापत, तुमच्यावर लागतं. शेतात कामाला नेलेला चाकू आणि लग्नाच्या वरातीत कमरेला खोचलेला चाकू, लोखंड एकच असलं तरी कोर्टात दोघांची गोष्ट वेगळी. आणि हे जे हातात सुरा घेऊन रील टाकतात ना, जळगाव असो धुळे असो, त्या पोरांचं नाव एकदा रेकॉर्डला आलं की पोलीस भरतीच्या व्हेरिफिकेशनला तेच कागद पुढे येतात. त्यातली निम्मी पोरं पहाटे उठून त्याच भरतीसाठी ग्राउंड मारत असतात. फार वाईट वाटतं.

मग माझं मत. संरक्षणासाठी म्हणून चाकू विकत घेऊ नका, कामासाठी घ्या. कामासाठी घेताय तर सरळ पात्याचा, चांगल्या लोहाराकडून, म्यानासकट, आणि तो शेतातच राहू द्या. गावात, प्रवासात फळ-दोरीपुरता लागत असेल तर छोटा घडीचा, लॉकवाला, आणि त्याच्या भरवशावर जीव टाकायची वेळ येऊ देऊ नका.

शेवटी एक कामाचं. चाकूने सगळ्यात जास्त लागतं ते आपल्याच हाताला, घड उतरवताना नाहीतर घडी मिटताना. खोल कापलं तर स्वच्छ फडक्याने जोरात दाबून धरा, हात उंच ठेवा, दर मिनिटाला फडकं काढून बघू नका, भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. हळद, चुना, माती, तंबाखू काही भरू नका. पातं अंगात रुतलं असेल तर ओढून काढायचं नाही, ते तिथेच रक्त अडवून ठेवतं, त्याच्या दोन्ही बाजूंनी कापड लावून हलणार नाही असं करा आणि 108 ला फोन लावा. बोट वाकत नसेल किंवा पुढे बधिर लागत असेल तर रक्त थांबलं म्हणून घरी बसू नका, बोट वाकवणारी आतली दोरी (टेंडन) नाहीतर स्पर्श कळवणारी नस तुटलेली असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला विसरू नका.