दावं की कासरा?

नमस्कार. बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. हा माईक जवळ धरला की कुई करतो त्यामुळे जरा लांबूनच बोलतो, कुई करणारं एक प्रकरण घरी आहेच. विषय बोर्डावर लिहिलाय, ‘पिल्लाला पट्ट्यावर चालायला कसं शिकवावं’. साडेसातला हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, म्हणजे आपल्याकडे अर्धा तास आहे, भरपूर झाला.

आधी एक भाषेची गंमत. कुत्र्याच्या गळ्यातला तोही पट्टा आणि आपल्या हातातला तोही पट्टाच. पण गुरांच्या बाबतीत आपली मराठी अशी ढिसाळ नव्हती हो. खुंट्याला बांधायचं ते दावं. वेसणीपासून गाडीवानाच्या हातापर्यंत येतो तो कासरा. आणि ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात ते लोढणं. आमचे आजोबा सांगोल्याकडचे, खिलार जोडी जुंपून बाजाराला निघाले की कासरा असा मस्त सैल, मध्ये झोल पडलेला, आणि वळायचं असेल तेव्हाच हात जरासा हलायचा. ताकदीने खिलार बैलाला कोण आवरणार आहे! तर माझं म्हणणं एवढंच आहे की कुत्र्याचा पट्टा हा कासरा आहे आणि आपण तो दाव्यासारखा गच्च धरतो. किंवा मग लोढणं होतं, आणि ते लोढणं म्हणजे बऱ्याचदा आपणच. (हशा)

आता आमची चकली. गावठी कुत्री आहे, शेपटीवरून नाव. पार्किंगमध्ये सापडली, लसी झाल्या, मी हौसेने लाल पट्टा आणला, गळ्यात घातला आणि बाईसाहेब लिफ्टच्या दारात जी बसकण मारून बसल्या ती काय उठेनात. अख्खी बिल्डिंग गोळा. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, ओढा, ओढल्याशिवाय शिकत नाही. कुणी म्हणालं उचलून न्या, कुणी म्हणालं परत पार्किंगमध्ये ठेवून या. शेवटी एक ट्रेनर लावला. पैसे आगाऊ, आठ क्लासचे. तो आल्या आल्या म्हणाला, सर तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके, नाही आहात. मी सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली, हे मला माहीतच होतं! (हशा) त्याने गळफासाची साखळी काढली आणि पुढे गेली की झटका, पुढे गेली की झटका. पाचव्या झटक्याला चकलीने असा आवाज काढला की आमच्या हिने स्वयंपाकघरातून येऊन त्याला चहासुद्धा न देता घालवला, पुण्यात असलो तरी आमच्याकडे चहा विचारतात, एवढं लक्षात घ्या. उरलेल्या सात क्लासचे पैसे अजून यायचेत.

मग मी रिकामटेकडा माणूस, वाचायला बसलो. हे अल्फा प्रकरण कुठून आलं? 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या माणसाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, त्यांच्यात वरच्या जागेवरून भांडणं होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1970 च्या पुस्तकात तीच कल्पना पुढे नेली, आणि रानातले लांडगे बघून 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की अहो, कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, अल्फा कसला! म्हणजे कल्पना पुढे नेणाऱ्यानेच शब्द मागे घेतला तरी आमच्या पार्किंगमध्ये तो अजून क्लास घेतोय.

पिल्लू ओढतं ते राज्य करायला नाही. कोपऱ्यावरच्या अंडाबुर्जीच्या गाडीकडे चकली ओढायची, मी मागून धावायचो, गाडी यायची. ज्याने काम होतं ते जनावर पुन्हा करतं, थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांजरांवर हेच दाखवलं. म्हणजे ओढायला मीच शिकवलं होतं, तेही फुकट.

काय? दहाच मिनिटं? बरं बरं, टाळ दिसतायत मला दारात. मग भराभर सांगतो.

आधी घरातच, जेवणाच्या वेळी हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घालायचा, हलकी दोरी तशीच फरफटू द्यायची, बसकण मारली तर ओढायचं नाही, खाली बसून बोलवायचं. मग गुडघ्याजवळ, पट्टा सैल असतानाच, पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा. बेदाणे अजिबात नको, कुत्र्यांना विषारी असतात. बाहेर पट्टा ताणला की उभं राहायचं, खांबासारखं, झटका नाही ओरडणं नाही, सैल झाला की पुढे. दहा वेळा थांबलात आणि अकराव्यांदा कंटाळून ओढले गेलात तर संपलं, तिला लॉटरी लागली, आता ती दुप्पट ओढणार. ते डबीतून लांब होणारे पट्टे घेऊ नका, स्प्रिंगमुळे कायम ताण राहतो आणि ओढलं की दोरी मिळते, पाच-सहा फुटांचा साधाच बरा. पाचच मिनिटं, पण रोज. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजारावरच्या लसीचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, तोवर रस्त्यावर खाली सोडायचं नाही पण कडेवर घेऊन रिक्षा, हॉर्न, लुना सगळं दाखवायचं, कारण बुजरेपणा जायचा तो त्याच वयात जातो. एप्रिलमध्ये डांबरावर आधी आपला हात उपडा ठेवून बघा, पाच-सात सेकंद टेकवता आला नाही तर घरी परत.

चकली? हो, आता चालते सैल पट्ट्यावर. बुर्जीच्या गाडीपाशी मात्र अजून दोघंही थांबतो. प्रश्न खाली पार्किंगमध्ये विचारा, आणि कुणाची डावी चप्पल सापडली नाही तर आधी मला सांगा, चकली दाराशीच बांधलीये. दाव्याला.